तंजावूरचा हवाई तळ आणि वर्दीतले कारागीर

20 जानेवारी 2020 रोजी तंजावूरच्या हवाई तळावर सुखोई-30 एमकेआय विमानांचं 222 क्रमांकाचं स्क्वाड्रन, 'टायगरशार्क्स', उभं राहिलं. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत आणि हवाई दलप्रमुख राकेशकुमारसिंह भदौरिया त्या दिवशी तळावर होते. सुखोईची तुकडी दक्षिण भारतात प्रथमच कायमच्या मुक्कामाला आली होती आणि तिच्या विमानांच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र लागणार होतं. साहजिकच चर्चा झाली ती वैमानिकांची, क्षेपणास्त्राची आणि हिंदी महासागराची. विमान जागचं हलण्याआधी ज्यांच्या सह्या लागतात, त्या तंत्रज्ञांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

2022 पूर्वीच्या पद्धतीनं आलेले हे तंत्रज्ञ कोवळ्या वयात, मिसरूड फुटण्याच्या सुमारास भरती झालेले असतात, वीस वर्षं नोकरी करतात आणि चाळिशीच्या आसपास वर्दी उतरवतात. तेव्हा मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज फिटायचं असतं आणि हातात वीस वर्षांचं कसब असतं. या कसबाला बाहेर काय किंमत मिळते, हा प्रश्न भारतात हवाई दलाइतकाच जुना आहे. तंजावुरात तो त्याहूनही जुना आहे.

तंजावूरच्या किल्ल्याच्या पूर्वेला बीरंगी मेडू नावाचा उंचवटा आहे. त्यावर साडेसात मीटरांच्या आसपास लांबीची आणि वीस टनांहून जड अशी लोखंडी तोफ पडून आहे. ती तंजावूरचा राजा रघुनाथ नायक याच्या काळातली, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. ही तोफ साच्यात ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या मांडून त्यांवर तापवलेली कडी एकामागोमाग एक चढवायची. कडं निवताना आवळतं आणि पट्ट्या जखडून बसतात. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमणियम यांनी या तोफेचा बारकाईनं अभ्यास केला होता. जगातल्या मोठ्या घडीव तोफांमध्ये तिची गणना होते. ज्या लोहारांनी ती घडवली त्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

व्यंकोजीराजांनी 1675-76च्या सुमारास तंजावूर घेतलं आणि कावेरीच्या खोऱ्यात मराठी फौज स्थिरावली. सव्वाशे वर्षं ती तिथे होती. मग 25 ऑक्टोबर 1799 चा तह झाला. दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावूरचा किल्ला आणि भोवतालचा थोडासा मुलूख राहिला, मुलकी कारभार ईस्ट इंडिया कंपनीनं घेतला आणि राजांना वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा व महसुलाचा पाचवा हिस्सा ठरवून दिला. राज्य राखायचं कामच उरलं नाही, तिथे फौजेला काय काम उरणार? 1855 साली दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाशिवाय वारले आणि राहिलेलं नावही खालसा झालं.

या मोडतोडीतून कोण तरलं हे पाहण्यासारखं आहे. दरबाराच्या पदरी युरोपीय धर्तीचा बँड होता. लष्करी कवायतीचं हे वादन; पण त्यातलं क्लॅरिनेट एकोणिसाव्या शतकात सदिर नाचाच्या साथीला आलं, म्हणजे आज आपण ज्याला भरतनाट्यम म्हणतो त्याच्या पूर्वरूपात. कलेला आश्रयदाते होते, म्हणून वाद्य जगलं. त्याहून चांगलं निभावलं ते लेखणीच्या घराण्यांचं. मोडीत हिशेब लिहिणाऱ्या, दफ्तरं सांभाळणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलं इंग्रजी शिकली आणि नव्या राज्यात मोठ्या हुद्द्यांवर गेली. कुंभकोणममध्ये 1828 साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. लेखणीच्या कसबाला नव्या सरकारची परीक्षा होती, प्रमाणपत्र होतं, पगारश्रेणी होती. तलवार, तोफखाना आणि घोडा सांभाळणाऱ्याच्या कसबाला असला कुठलाच कागद नव्हता. तंजावूरच्या इतिहासातला हा भाग फौजेच्या लढायांइतकाच महत्त्वाचा आहे, कारण पुढे विमानांच्या बाबतीतही नेमकं हेच घडलं.

दुसऱ्या महायुद्धात तंजावूरजवळ धावपट्टी झाली. ब्रिटिश हवाई दलाचं 36 क्रमांकाचं स्क्वाड्रन 1942 च्या सुरुवातीला सिंगापूर आणि जावाच्या लढाईत जवळजवळ नेस्तनाबूत झालं होतं. तेच स्क्वाड्रन त्याच वर्षाच्या अखेरीस तंजावुरात वेलिंग्टन विमानांवर पुन्हा उभं केलं गेलं. बंगालच्या उपसागरात पाणबुड्या शोधत फिरणं हे त्याचं काम. 1943 च्या मध्यात ते अल्जीरियाला गेलं.

वेलिंग्टन हे विमान सांभाळायला सोपं नव्हतं. अभियंते बार्न्स वॉलिस यांनी त्याचा सांगाडा धातूच्या जाळीसारखा विणला होता आणि त्यावर कापड ताणून बसवलेलं असे. गोळ्यांनी चाळण झाली तरी हा सांगाडा तग धरून राही, पण कापडाला दमट, खाऱ्या हवेत सतत जपावं लागे. सांगाडा आणि कापड पाहणारा तो रिगर, इंजिन पाहणारा तो फिटर. दोघांनी आपापलं काम संपवलं की एका नोंदवहीत सही करायची. तिचं नाव फॉर्म 700. त्यात कुठला दोष सापडला, कुणी दुरुस्त केला, कुणी तपासला, हे सगळं येई आणि शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेई. ब्रिटिश हवाई दलाकडून ही पद्धत भारतीय हवाई दलानं घेतली. फॉर्म 700 हे नाव आजही प्रत्येक एअरमनच्या तोंडी असतं.

भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली. मूठभर अधिकारी आणि 19 'हवाई सिपाही', एवढाच तिचा संसार. या हवाई सिपाह्यांपैकी एक होते हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण सर्वांत खालच्या पायरीवर भरती झाला आणि एअर व्हाइस मार्शल होऊन मेंटेनन्स कमांडचा प्रमुख म्हणून निवृत्त झाला. 1942 च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेत टेहळणीसाठी बनवलेल्या लायसँडर विमानांवर बॉम्ब लावण्याची जुळणी करण्यात त्यांचा हात होता. त्यांचं याहून मोठं काम कानपूरचं. तिथल्या हवाई दलाच्या डेपोत त्यांनी एव्ह्रो 748 हे विमान जोडण्याचा घाट घातला आणि 1961 मध्ये पहिलं विमान उडवून दाखवलं. एव्ह्रो मुळात प्रवासी विमान. पुढे इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यातही ते आलं. हवाई दलाच्या कारागिरांनी लष्करी डेपोत जोडलेल्या जातीच्या विमानातून देशातले सामान्य प्रवासी फिरले. लष्करी कसब आणि नागरी उड्डाण यांच्यामध्ये भिंत असायलाच हवी असं काही नाही, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको. त्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आज नागपुरात आहे.

त्याआधी, दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षं ही भिंत आपोआपच खाली आली होती. मित्रराष्ट्रांनी मागे ठेवलेली डकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं ती प्रवाशांसाठी सुधारून दिली आणि देशभर खासगी विमान कंपन्या निघाल्या. त्यांना विमान समजणारी माणसं हवी होती आणि अशी माणसं युद्धानंच घडवली होती. विमान तेच, इंजिन तेच. गणवेश तेवढा बदलला. 1953 मध्ये या कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि हा मोकळा काळ संपला.

तंजावूरची धावपट्टी तोवर शांत झाली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वायुदूतची छोटी विमानं चेन्नईहून येत, तीही प्रवाशांअभावी बंद पडली. हवाई दलानं धावपट्टी नव्यानं बांधून काढली आणि 27 मे 2013 रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तळाचं उद्घाटन केलं.

आज तिथे असलेल्या तंत्रज्ञाचा प्रवास मराठी वाचकाच्या ओळखीच्या गावांतून जातो. भरती झाल्यावर पहिलं प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमध्ये. यंत्राचं काम मिळालं तर पुढे चेन्नईजवळ तांबरमला. त्यानंतर पोस्टिंग. ज्या सुखोईवर तो तंजावुरात काम करतो, ते नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात जोडलेलं असतं. ओझरच्याच 11 क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोनं 2018 मध्ये पहिलं सुखोई संपूर्ण उघडून, तपासून, पुन्हा जोडून हवाई दलाच्या स्वाधीन केलं. तंजावूर आणि नाशिक यांना जोडणारा हा धागा व्यंकोजीराजांच्या काळाइतका रोमांचक वाटणार नाही, पण हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात.

सुखोईवर हात बसलेल्या माणसापुढची अडचण उघड आहे. बाहेरच्या जगात सुखोई-30 नाही. हेलिकॉप्टरवाल्याचं तसं नसतं, आणि म्हणून त्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी.

भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टर आलं 1954 मध्ये, अमेरिकन बनावटीचं सिकॉर्स्की एस-55. साठच्या दशकात रशियन एमआय-4 आलं, फ्रेंच अल्युएत परवान्यावर बंगळूरला तयार होऊ लागलं आणि त्याचं नाव चेतक पडलं. मग चीता, एमआय-8, एमआय-17, ध्रुव. तमिळनाडूत कोइम्बतूरजवळचं सुळूर, नौदलाचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण जिथे चालतं ते अरक्कोणमचं आयएनएस राजाली आणि रामनाथपुरमकडचं आयएनएस परुंदू ही हेलिकॉप्टरची मोठी ठिकाणं. महाराष्ट्रात नाशिक रोडला 2003 पासून लष्कराची हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळा आहे.

विमानाचे पंख स्थिर असतात. हेलिकॉप्टरचे पंखच फिरतात, आणि त्यातून सगळी तारांबळ सुरू होते. प्रत्येक पातं एका फेरीत वर-खाली होतं, पुढे-मागे होतं, स्वतःभोवती कोन बदलतं. हा कोन बदलणारी जोडणी म्हणजे स्वॅशप्लेट. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघांचा जीव गेला आणि चौकशीत बोट ठेवलं गेलं ते याच भागाच्या तडकण्यावर. सगळी ध्रुव हेलिकॉप्टरं कित्येक महिने जमिनीवर राहिली.

जुन्या मेकॅनिकांची एक रीत होती. पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांचा खडू लावायचा, हेलिकॉप्टर जमिनीवरच चालू करायचं आणि काठीला ताणलेलं कापड फिरत्या टोकांजवळ अलगद न्यायचं. कापडावर उमटलेल्या रंगांवरून कुठलं पातं वरून जातंय, कुठलं खालून, ते कळे आणि मग मिलिमीटरच्या हिशेबात त्याचा कोन सुधारला जाई. आज हे काम इलेक्ट्रॉनिक उपकरणं करतात. गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकी बूच असतं. त्यावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला दिसला तर आत काहीतरी झिजतंय. तो कीस किती बारीक, चपटा की सुईसारखा, यावरून बेअरिंग की दाता, याचा अंदाज अनुभवी माणूस बांधतो. समुद्रावरून परतलेलं हेलिकॉप्टर गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, इंजिनाच्या आतूनसुद्धा, नाहीतर मीठ त्याला खाऊन टाकतं. हे ज्ञान हाताला, कानाला आणि नाकाला येतं; त्याला वर्षं लागतात.

तंजावूरच्या समारंभाला आलेले जनरल रावत 8 डिसेंबर 2021 रोजी सुळूरहून निघालेल्या एमआय-17 हेलिकॉप्टरच्या कुन्नूरजवळच्या अपघातात गेले. एकूण चौदा जणांचा त्यात मृत्यू झाला. पुढच्या महिन्यात चौकशी समितीनं यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जी या तिन्ही शक्यता फेटाळल्या. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही, असं कारण दिलं. यांत्रिक बिघाड नव्हता असं ठामपणे म्हणता येणं, ही एरवी अदृश्य राहणाऱ्या माणसांच्या कामाची पावती आहे.

आता वर्दी उतरल्यानंतरची वाट. तिचं भारतातलं सर्वांत मोठं ठिकाण मुंबईचं जुहू. 1974 मध्ये मुंबई हाय इथे तेल सापडलं आणि समुद्रातल्या फलाटांवर माणसं ने-आण करण्यासाठी हेलिकॉप्टरं लागू लागली. 15 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारी हेलिकॉप्टर कंपनी स्थापन झाली, तीच पवनहंस. सुरुवातीच्या काळात तिची मोठी भिस्त सैन्यदलांतून आलेल्या माणसांवर होती. ब्रिटिश मदतीतून घेतलेली 21 वेस्टलँड हेलिकॉप्टरं मात्र कंपनीला जड गेली. दोन जीवघेणे अपघात झाले आणि 1991 मध्ये सगळी उभी केली गेली. फ्रेंच डॉफिन टिकली. पुढे पवनहंसकडे एमआय-172 आलं, म्हणजे हवाई दलाच्या एमआय-17 चं नागरी भावंड. आज जुहूहून तेलफलाटांकडे, कटऱ्याहून वैष्णोदेवीकडे, उत्तराखंडात केदारनाथकडे हेलिकॉप्टरं उडतात. काम आहे, यंत्रं ओळखीची आहेत, माणसंही आहेत. तरी पूल अरुंद आहे.

अडतं ते सहीपाशी. हवाई दलात फॉर्म 700 वर सही करण्याचा अधिकार दल देतं. नागरी उड्डाणात विमान सेवेला योग्य असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक अभियंताच देऊ शकतो, आणि तो परवाना देतं नागरी उड्डाण महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. टर्बाइन हेलिकॉप्टरच्या यंत्रभागासाठी बी 1.3, इलेक्ट्रॉनिक भागासाठी बी 2. त्यासाठी विषयवार परीक्षा असतात. मानवी चुका हा एक विषय, हवाई कायदा हा दुसरा, हेलिकॉप्टरची रचना हा आणखी एक. ज्यानं वीस वर्षं एमआय-17 चं गिअरबॉक्स उघडलं त्यालाही परीक्षेला बसावं लागतं, आणि सैन्यातला अनुभव धरला गेला तरी नागरी देखभालीचा थोडाफार अनुभव वर जोडावा लागतो. कायद्याची परीक्षा हवीच. लष्करात दल जबाबदारी घेतं, इथे सही करणारा माणूस स्वतः घेतो. पण हाताच्या कामाचा पुरावा पुन्हा शून्यापासून मागणं हा देशाच्या पैशाचा अपव्यय आहे. त्या माणसाला घडवायचा खर्च एकदा झालेला असतो.

अमेरिकेत हा प्रश्न व्हिएतनाम युद्धानंतर मोठ्या प्रमाणावर आला. ह्यूई हेलिकॉप्टरं सांभाळलेले तरुण परतले आणि त्यांतले बरेच मेक्सिकोच्या आखातातल्या तेलफलाटांची हेलिकॉप्टरं आणि रुग्णालयांच्या हवाई रुग्णवाहिका सांभाळू लागले. तिथल्या नियमात सांगाडा किंवा इंजिन यांपैकी एका परवान्याच्या परीक्षेला बसण्यासाठी 18 महिन्यांचा, दोन्हींसाठी 30 महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो आणि सैन्यातला अनुभव त्यात धरला जातो. तिथल्या सैन्यदलांनी मिळून पात्रतेचं प्रमाणपत्र देणारी यंत्रणाही उभी केली. परीक्षा तिथेही चुकत नाही. पण परीक्षेच्या दारापर्यंतचा रस्ता सैनिकाला आधीपासून माहीत असतो.

आपल्याकडे रस्ता दुसरीकडेच वळतो. सरकारी बँकांत आणि सार्वजनिक उपक्रमांत माजी सैनिकांसाठी क वर्गात 14.5 टक्के जागा राखीव आहेत. ही सोय चांगली आहे, तिनं अनेक घरं सावरली. पण तिचा परिणाम असा की हेलिकॉप्टरच्या स्वॅशप्लेटवर हात बसलेला माणूस बँकेच्या खिडकीमागे पासबुकं भरत बसतो, आणि हेलिकॉप्टर कंपन्या अनुभवी माणसं शोधत राहतात. परवाना नसलेला माजी एअरमन कंपनीत आलाच, तर परवानाधारकाच्या सहीखाली, कमी पगारावर. बँकेची नोकरी त्याला सुरक्षित वाटली तर त्यात त्याचा दोष नाही.

2022 पासून प्रश्न आणखी बिकट झाला आहे. हवाई दलात आता भरती होणारा 'अग्निवीरवायू' चार वर्षांसाठी येतो आणि चारांतला एकच पुढे राहतो. डीजीसीएचे परवान्याचे नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. युरोपात टर्बाइन हेलिकॉप्टरच्या परवान्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण नसेल तर पाच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मागतात, मान्यताप्राप्त प्रशिक्षण असेल तर दोन वर्षं पुरतात. चार वर्षांत, त्यातही प्रशिक्षणाचे महिने वजा करून, पाच वर्षांचा अनुभव होत नाही. म्हणजे सगळा निकाल एकाच गोष्टीवर लागतो: सांबऱ्याला आणि तांबरमला मिळालेलं शिक्षण नागरी परवान्यासाठी मान्यताप्राप्त धरलं जातं की नाही. ते धरलं गेलं, तर बाहेर पडणाऱ्या तिघांसाठी दार उघडं राहील. हे काम संरक्षण मंत्रालय आणि नागरी उड्डाण मंत्रालय यांनी एका टेबलावर बसून करायचं आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

तोवर बेळगाव, कोल्हापूर, सातारा, नाशिक या भागांतून भरती होणाऱ्या मुलांनी स्वतःपुरतं एक करावं. पहिल्या पोस्टिंगपासून आपण केलेल्या प्रत्येक कामाची वेगळी नोंद ठेवावी: तारीख, यंत्राचा प्रकार, काम, आणि गोपनीयतेच्या नियमांत बसत असेल तिथे वरिष्ठांची सही. निवृत्तीला वर्ष उरल्यावर जुने कागद शोधून सापडत नाहीत, आणि परवान्याच्या अर्जावर विश्वास बसतो तो अशाच नोंदींवर. घरातल्या थोरांनीही मुलगा सुट्टीवर आला की पगाराबरोबर या वहीची चौकशी करावी.